मुख्याध्यापकांची तक्रार कुणाकडे?

वर्गशिक्षकानं मुलावर हात उचलला तर पालक मुख्याध्यापकांना भेटतात. मुख्याध्यापकच निष्ठुर असतील तर? प्राथमिक शाळेच्या फाटकाबाहेर थांबलेल्या आयांमध्ये हा विषय दबक्या आवाजात निघतो आणि मुलं बाहेर येताना दिसली की तिथंच थांबतो.

माझ्या परिचयातल्या एका घरातली गोष्ट सांगते. पहिलीतल्या मुलाला वर्गातच लघवी झाली. तास चालू असताना बाहेर सोडायचं नाही असा शाळेचा नियम, आणि विचारायचं धाडस त्या पोराला झालं नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपताना मुख्याध्यापिकांनी त्याला पुढं बोलावलं आणि ‘याला पुन्हा बालवाडीत बसवायचं का?’ असं सगळ्या शाळेला विचारलं. शाळा हसली. छडी नाही, उठाबशा नाहीत, अंगावर वळ नाही. पण त्या दिवसापासून मुलानं शाळेत पाणी पिणं सोडलं. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच घरी यायची. कारण कळेपर्यंत आई त्यालाच रागावत होती.

ती भेटायला गेली तेव्हा तिला उत्तर मिळालं, “आमच्याकडे शिस्त आहे. पटत नसेल तर दाखला घेऊन जा.”

हे वाक्य महाराष्ट्रात किती पालकांनी ऐकलं असेल! खरं तर त्याला कायद्याचा काडीचाही आधार नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होण्याआधी मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं त्याचं 16 वं कलम सांगतं. नापास करण्याबाबतची तरतूद 2019 मध्ये बदलली, पण ही मनाई कायम राहिली. 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. परिपाठात केलेली मानहानी, फी थकली म्हणून सगळ्यांदेखत उभं करणं, ‘तुझ्यासारख्यांना शिकून काय करायचंय’ असं म्हणणं, हे सगळं माझ्या मते त्यातच मोडतं. वळ दिसत नाहीत म्हणून ते सौम्य ठरत नाही.

मग पालक गप्प का बसतात? त्यांना भित्रं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तक्रार करून आई घरी येते, मूल मात्र दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या ताब्यात जातं. वर्षाच्या मध्यात दुसरी शाळा मिळणं कठीण, आणि खेड्यात तर दुसरी शाळाच नसते. त्यातून पालकांचं आपसांत एकमत नसतं. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ म्हणणारे वडील प्रत्येक सभेत असतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास दोन मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं होतं. इतकी सर्रास गोष्ट अनेकांना गैर वाटेनाशी होते.

पण माझा खरा आक्षेप व्यवस्थेवर आहे. 17 वं कलम मोडणाऱ्यावर कारवाई करायची ती त्याच्या सेवानियमांनुसार, म्हणजे संस्थेनं किंवा जिल्हा परिषदेनं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा म्हणतो. विनाअनुदानित शाळांना मात्र ही समिती बंधनकारकच नाही. जिथं ती आहे तिथं सचिव कोण? मुख्याध्यापक. सभेची सूचना तेच काढतात, इतिवृत्तही तेच लिहितात. तक्रार ज्यांच्याविरुद्ध, तिची नोंद त्यांच्याच हातात.

मुख्याध्यापकांवरचा भार मी नाकारत नाही. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, वरून येणारे तातडीचे आदेश यांत त्यांचा दिवस जातो. तो ताण शेवटी सहा वर्षांच्या मुलावर निघतो, कारण उलटून बोलू न शकणारा शाळेत तोच एक असतो. म्हणूनच तो त्याच्यावर निघता कामा नये.

शिस्तीचा दुसरा मार्ग महाराष्ट्रानं पाहिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणातच शाळा नेली. मूल का येत नाही, हे त्यांनी आधी विचारलं. आज उशिरा आलेल्या मुलाला फाटकाबाहेर उभं करताना हा प्रश्न किती शाळांत विचारला जातो?

पालकांनी एकेकट्यानं केबिनमध्ये जाऊ नये. चार-पाच घरांनी मिळून, तारीख-प्रसंग नोंदवून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे पाठवावी. 32 व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पहिलीतल्या मुलासाठी तीन महिने फार मोठे आहेत, मारहाण होत असेल तर मुलांसाठीच्या 1098 या मदतक्रमांकावर लगेच फोन करावा. आणि शासनानं एवढं तरी करावं: मुख्याध्यापकांविरुद्धच्या तक्रारीच्या सभेत सचिवपद दुसऱ्याकडे द्यावं, आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत दप्तर तपासून झाल्यावर, मुख्याध्यापकांना बाजूला ठेवून, थोडा वेळ मुलांशी बोलावं.