अपत्य : देणगी की निवड?

पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा बालकाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आयव्हीएफ उपचारात पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या काही पेशी तपासून, हा आजार नसलेले भ्रूण गर्भाशयात ठेवता येते. रोगावर उपचार करण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे. म्हणून विवाहबंधनात, पती-पत्नीच्याच बीजांपासून, गंभीर आजार टाळण्यासाठी होणारी ही तपासणी अनेक आलिमांनी वैध मानली आहे.

परंतु तिच्या मर्यादाही ओळखा. तपासल्या जाणाऱ्या पेशी भ्रूणाच्या बाह्य थरातील, म्हणजे ज्यापासून पुढे वार बनते त्या असतात. निष्कर्ष क्वचित चुकतो. म्हणूनच गरोदरपणात पुन्हा चाचणी करण्याचा सल्ला दिला जातो. निरोगी अपत्याची हमी कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा नैतिक आहे. याच तपासणीत लिंगही कळते. मुलाच्या हव्यासापोटी भ्रूण निवडण्यास भारतीय कायद्याने मनाई आहे. पण श्रद्धावंताला कायद्याआधी सूरह अश्-शूरा आठवावी. तिच्या 49 व्या आयतीत अल्लाहच्या देणग्यांमध्ये कन्येचा उल्लेख पुत्राच्या आधी आला आहे.

तेव्हा स्वतःला विचारा : आपण बाळाची वेदना टाळू पाहतो आहोत, की आपली निराशा? पहिला हेतू उपचाराचा आहे, दुसरा मालकीचा. आणि अपत्य मालमत्ता नव्हे, अमानत आहे. आजार घेऊन जन्मलेले अपत्यदेखील.