उंटिणीचे दूध, इन्सुलिन आणि तवक्कुल

गेल्या महिन्यात मुर्ध्यात असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. हातात उंटिणीच्या दुधाच्या पावडरीचे पाकीट होते आणि त्यावर ‘सुन्नत’ व ‘शिफा’ हे शब्द ठळक छापलेले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे. म्हणाले, “इमामसाहेब, जुम्याच्या बयानात तुम्हीच उंटाची थोरवी सांगितली होती. हे दूध सुरू करून इन्सुलिन बंद केले, तर तो तवक्कुल ठरेल ना?”

मी दचकलो. सूरह गाशियहमध्ये उंटाच्या निर्मितीकडे पाहण्यास सांगितले आहे, एवढेच मी बोललो होतो. एका बापाने त्यातून औषधाची चिठ्ठी काढली. बोलणाऱ्याची जबाबदारी त्याच्या शब्दांपाशी संपते, असे मला वाटत नाही.

उकल व उरैना टोळ्यांतील काही लोक मदीनेत आजारी पडले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना उंटिणींच्या दुधाकडे पाठवले, ही हदीस सहीह बुखारीत आहे. परंतु त्या लोकांचा विकार वेगळा होता. विशिष्ट रुग्णांना सांगितलेला उपाय प्रत्येक रोगावर लावणे म्हणजे सुन्नतचे पालन नव्हे. सूरह नह्लमध्ये मधाला शिफा म्हटले आहे. तरी मधुमेही माणसाला वाटीभर मध देणारा आलिम मी पाहिलेला नाही. दुधाच्या बाबतीतच आपला विवेक का सुटावा? उंटिणीच्या दुधातही दुग्धशर्करा असतेच.

या दुधाला मुळीच गुण नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. राजस्थानातील राइका समाजात उंटिणीचे दूध पिणाऱ्यांमध्ये मधुमेह अत्यल्प आढळल्याचे बिकानेरच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. त्यांनीच टाइप-१ च्या काही रुग्णांना रोज ५०० मिलीलिटर दूध दिले, तेव्हा इन्सुलिनची गरज घटलेली दिसली. रुग्ण थोडे होते. आणि दूध इन्सुलिनच्या जोडीला, तपासणीखाली दिले होते. पाकिटावर नेमके हेच छापत नाहीत. कच्चे दूध तर मुळीच नको, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार जडतात.

टाइप-१ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते बंद केले तर काही दिवसांत, कधी काही तासांतही, मूल मरणाच्या दारी पोहोचते. मोठ्या माणसाने आपल्या जिवाबाबत असा निर्णय घेणेही गैरच. पण येथे जीव मुलीचा आणि तवक्कुल बापाचा! अमानत म्हणून सोपवलेल्या लेकराच्या देहावर स्वतःच्या ईमानाची परीक्षा द्यायचा अधिकार कोणाला मिळाला? शिवाय वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, हेही हदीसमध्ये आहे. त्या जबाबदारीत पाकीट विकणारा येतो, आणि गप्प राहिलो असतो तर मीही आलो असतो.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू का, असे एकाने प्रेषितांना (स.) विचारले होते. आधी बांध, मग विसंब, असा उत्तराचा आशय होता. मी त्या गृहस्थांना म्हटले, “भाई, इन्सुलिन हा तो दोर आहे. दूध द्यायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून, आहारात मोजून द्या.” ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन दवाखान्यात गेले.

पुढच्या जुम्याला मी हे सारे मिंबरवरून स्पष्ट केले. नमाजनंतर दोघांनी मला त्या पाकिटाची किंमत विचारली.