फोटो काढणे आणि फेडणे

मराठी माणूस आयुष्यात काय काय 'काढतो' याची एकदा यादी केली पाहिजे. तो दिवस काढतो, दुसऱ्याची उणीदुणी काढतो, झोप काढतो; सवड तेवढी काढत नाही. परंतु बँकेच्या कर्जविभागात अर्धं आयुष्य घालवल्यामुळे मला या क्रियापदाचे दोनच उपयोग जवळचे वाटतात. कर्ज काढणे आणि फोटो काढणे. इंग्रज फोटो 'घेतो', हिंदीवाला तो 'खेचतो'. म्हणजे दोघांचाही मामला थोडा जबरदस्तीचा. आपण काढतो. आणि काढलेलं फेडावं लागतं, हे आमच्या शाखेचा शिपाईसुद्धा सांगेल. त्यातून फोटोच्या 'निगेटिव्ह'ला गणितातला मराठी शब्द लावा, तो निघतो 'ऋण'! कॉमर्सच्या पदवीधराला याहून अधिक पुरावा लागत नाही.

प्रश्न एवढाच उरतो, की हे ऋण आपण नक्की कोणाचं लागतो?

माझ्याकडे वडिलांचा आगफा क्लिक थ्री आहे. एकेकाळी मध्यमवर्गीय घरात शिवणयंत्राच्या खालोखाल मान असलेला डबा. त्यात १२० नंबरचा रोल बसतो आणि फोटो निघतात बारा. बारा म्हणजे बारा. ओव्हरड्राफ्टची सोय नाही. रोल मी तळेगावच्या राहत्या घरी, न्हाणीघरात धुतो. दाराच्या फटीत गोधडी कोंबून, गडद अंधारात, नुसत्या बोटांनी फिल्म चकतीवर गुंडाळायची आणि डब्यात बंद करायची. मग दिवा लावून डेव्हलपर ओतायचा आणि मिनिटामिनिटाला डबा उलटासुलटा करायचा. रसायनाला हवं वीस अंश तापमान, आणि मे महिन्यात आमच्या नळाला पाणी येतं चहाला आधण ठेवल्यासारखं. म्हणून पाहुण्यांच्या सरबताचा बर्फ माझ्या डेव्हलपरच्या भांड्याभोवती जातो. शेवटी हायपोचा वास घरभर पसरला की बायको बाहेरून विचारते, "अहो, तुमची माणसं वाळली का? मला टॉवेल टाकायचाय दोरीवर."

हिच्या बोलण्यात खोच असते, पण या धंद्यातलं खरं ऋणही तिथेच आहे. आमच्या मावळाला छायाचित्रांची परंपरा मोठी. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९९च्या सुमारास मुंबईहून मळवलीला आला. घरोघरच्या भिंतींवर ज्या लक्ष्मी-सरस्वती बसल्या, त्यांतल्या कितीतरी मळवली स्टेशनाजवळून निघाल्या. पुढे १९०६ साली दादासाहेब फाळक्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला आणि त्या चित्रांची कामं केली. त्यांनीच पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. हे आपण शाळेत शिकतो. पण कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं घरात सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही. पॉलिसीचं कर्ज वहीत लिहिलेलं असतं. सरस्वतीबाईंचं कोणत्या वहीत लिहायचं?

ज्याचा फोटो काढला, त्याचंही तसंच. भाजे लेण्यांच्या पायथ्याशी एक आजी करवंदं विकायच्या. मी कॅमेरा वर केला तर म्हणाल्या, "काढ की. पन एकच काढ. धा काढलेस तर त्यातली खरी म्हातारी कंची, ह्ये पोरांनी कसं वळखावं? आन् आठवणीनं घिऊन ये. म्हाताऱ्याच्या शेजारी खिळा ठोकून ठेवलाय."

खिळा! आमच्याकडे तारण म्हणून सोनं ठेवतात, सात-बारा ठेवतात. कोणी भिंतीत खिळा ठोकून माझ्या परतफेडीची वाट पाहिल्याचं पहिलंच उदाहरण. रोलात आणखी सात फोटो शिल्लक होते. ते मी आठवडाभरात तुळस, शेजाऱ्यांचं मांजर आणि इंद्रायणीचा पूल यांच्यावर उडवले. त्या रात्री डबा उलटासुलटा करताना डोळ्यांपुढे आजी नव्हत्या, मोकळा खिळा होता. पुण्याच्या दुकानातून मोठी प्रत करून नेली. आजींनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "ही तर माझी आय!"

दोन पावसाळ्यांनंतर नातू आला. तेराव्याला मोठा फोटो हवा होता. मी निगेटिव्हच त्याच्या हातात ठेवली. वारस आला, ठेव परत. त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडंच असू द्या. आमच्यात पावसात कागद टिकत न्हाई."

आमच्या शाखेतली तरुण मंडळी मला हसतात. फोनवर काढला, तिथल्या तिथे पाठवला, व्यवहार पूर्ण! मुद्दा बिनतोड आहे. आजीला तीन आठवडे ताटकळत ठेवण्यात कसला आलाय धर्म? शिवाय माझा रोल खराब झाला असता, तर खिळा मोकळाच राहिला असता. रोखीचा व्यवहार नेहमीच निर्धोक. पण रोखीची एक खोड तुम्हीही अनुभवली असेल. पैसे टाकले, पुडी घेतली, की वाणी आपल्याला ओळखत नाही. उधारी असली म्हणजे तो मुलाच्या परीक्षेचीसुद्धा चौकशी करतो. फोनवरचा फोटो पाठवूनही माणूस लक्षात ठेवता येतो, नाही असं नाही. फक्त तशी सक्ती राहिलेली नाही. आणि सक्तीशिवाय हप्ते कितीजण भरतात, हे मला विचारू नका.

बँकेत दहा वर्षं कोणी हात लावला नाही, तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तरीही हक्क बुडत नाही. वारसाने मागितली की द्यावीच लागते. फोटोंना हाच नियम असावा असं मला वाटतं. काढणारा मालक नव्हे, सांभाळणारा. म्हणून माझ्या कपाटात प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर तारीख, गाव आणि माणसाचं नाव आहे. अलीकडे मी आणखी एक रकाना वाढवला आहे : 'प्रत दिली / देणे बाकी.' बायकोने ती यादी पाहिली आणि विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे?"

तिच्यासाठी वेगळी वही घातली आहे. 'देणे बाकी' याखेरीज तिच्यात दुसरा रकानाच नाही.