कावड आधी भरावी लागते



नाथमहाराज गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते पाणी पाजले, ही कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. तिच्यातली दया आपल्या ध्यानात राहते. आज तिचे दुसरे अंग पाहू. गाढव तडफडत होते, त्या घटकेला नाथांच्या खांद्यावर पाणी होते. ते नसते, तर डोळ्यांतल्या पाण्याने गाढवाची तहान भागली असती का?

हा प्रश्न सुचायला कारण लंपी. 2022 च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात हा रोग दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज, दूध आटलेले. जनावरांचे बाजार बंद झाले. कितीतरी गावांत पोळ्याला बैल वेशीत आलेच नाहीत, पूजा गोठ्यातच झाली. सरकारने मेलेल्या जनावरांची भरपाई ठरवली: दुभत्या गाईला 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. गाईला आई म्हणायचे आणि तिची रुपयांत किंमत करायची, हे वारकऱ्याला शोभते का? दया आणि हिशेब एका घरात नांदतील का?

उत्तर असे आहे. लंपी आली तेव्हा तिची स्वतःची लस गावोगाव पोचलेली नव्हती. पण शेळ्यांच्या देवी रोगाची लस तयार होती. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले, म्हणून तीच गाईंना टोचली आणि असंख्य गोठे वाचले. लंपीची खास लसही त्याच ऑगस्टात जाहीर झाली. ती केली हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेला सोबत घेऊन. केंद्र घोड्यांसाठी काढलेले, लस शेळ्यांसाठी केलेली, आणि प्राण वाचले गाईंचे. रामेश्वरासाठी भरलेली कावड गाढवाच्या कामी आली, तसेच हे झाले. संशोधन म्हणजे कोणाला तहान लागेल हे ठाऊक नसताना भरून ठेवलेली कावड.

आणि कावड फुकट भरत नाही. बुळकांडी हा गुरांचा काळ होता. जनावरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी 1889 मध्ये आपल्या पुण्यात प्रयोगशाळा निघाली. 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली, कारण असले जंतू वस्तीपासून लांब हाताळलेले बरे. तेव्हापासून कितीतरी देशांतल्या माणसांच्या पिढ्या खपल्या, तेव्हा कुठे 2011 मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. एकशे बावीस वर्षे! एवढा खर्च कोणता एकटा शेतकरी करील? आणि आज जे जनावर बुळकांडीने मेले नाही, त्याचा धनी कोणाचे आभार मानणार? न झालेल्या मरणाची पावती कोणी फाडत नाही. म्हणून असा खर्च सर्वांनी मिळूनच करावा लागतो. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये पाच वर्षांकरिता 13,343 कोटी रुपये ठरवले, ते याच न्यायाने.

आपल्या निफाडकरांना हे वेगळे सांगायला नको. द्राक्षाच्या पानावर डावणी दिसायची वाट कोण पाहतो? ढग आले की फवारा सुरू. मग गोठ्याच्या बाबतीतच ‘रोग आल्यावर बघू’ का? माशी, डास, गोचीड यांना बांध कळत नाही. माझ्या गाईला लस नाही, तर धोका शेजाऱ्याच्या गाईलाही आहे. परपीडा केवळ हाताने होत नाही, आळसानेही होते.

तर हिशेब हा दयेचा वैरी नाही. दया वेळेवर पोचावी म्हणून तो मांडायचा. पण माउली, हिशेबाला एक आंधळेपण आहे, तेही सांगितले पाहिजे. दूध देणारी गाय त्याला लगेच दिसते. भाकड गाय दिसत नाही. वीटभट्टीवरचे गाढव दिसत नाही. विधवा बाईच्या परसातल्या चार कोंबड्या मानमोडीने एका रात्रीत गेल्या, तर तिचा आठवड्याचा बाजार बुडतो, पण तो आकडा कोणत्या वहीत चढतो? जिथे पैसा मोठा, तिथे संशोधनाचे लक्ष आधी जाते. नाथांनी मात्र पाणी पाजताना गाढव किती रुपयांचे, हे विचारले नव्हते.

म्हणून सिद्धांत असा: कावड हिशेबाने भरावी आणि रिती मात्र दयेने करावी. भरताना हिशेब सोडला, तर वेळेला पाणी नसते. पाजताना हिशेब धरला, तर पाणी असून गाढव मरते.

आता आपल्या हातातले. पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसे लस घेऊन दारी आली, तर भाकड गाय मागे ठेवू नका, तिलाही पुढे करा. दिंडीच्या गाडीला बैल जुंपणार असाल, तर लस वेळेत टोचून घ्या, कारण वाटेत शेकडो गावांचे गोठे लागतात आणि आपल्या पावलांबरोबर नाम जावे, रोग जाऊ नये. आजारी जनावर घरीच बांधा, बाजारात विकून त्याचे दुखणे दुसऱ्याच्या दावणीला नेऊ नका. आणि ग्रामसभेत कोणी पशुधनाचा आकडा वाचला, तर उठून एवढे विचारा: यात गाढवे आणि कोंबड्या धरल्या आहेत का?

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!