सीलबंद लक्ष्मी

धनत्रयोदशी जवळ आली की खामगावच्या सराफ्यात चांदीच्या नाण्यांची मागणी वाढते. बुलढाणा जिल्ह्यातले हे कापसाच्या बाजाराचे गाव रजतनगरी म्हणून ओळखले जाते आणि इथल्या चांदीच्या शुद्धतेवर भरवसा ठेवून गिऱ्हाईक लांबून येते. गुलाबी कागदाच्या पुडीची जागा आता बरेचदा सीलबंद पाकिटाने घेतली आहे. आत नाणे, बाहेर वजन आणि शुद्धता छापलेली. काही घरांत हे पाकीट लक्ष्मीपूजनालाही फोडत नाहीत. फोडले तर मोडताना भाव कमी येईल, ही धास्ती. बाब किरकोळ दिसते, पण ती पूजेच्या मुळाशी जाते. पाकिटावर वाहिलेले हळदकुंकू लक्ष्मीला पोचते का? माझ्या मते पोचत नाही. मात्र त्याचे कारण प्लास्टिक नव्हे.

आधी धातूकडे पाहू. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की दागिने वेगवेगळे दिसले तरी त्यांतले सोने एकच असते, वेगळेपण नावारूपाचे. चांदीच्या बाबतीत इतिहासाने हे अक्षरशः करून दाखवले आहे. पहिल्या महायुद्धात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि हिंदुस्थान सरकारचा साठा आटत गेला. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला. त्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानसाठी विकली गेली. इथल्या टांकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये पडले. एका डॉलरमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, तर ११.६६ ग्रॅमच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम, म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये. वऱ्हाडातल्या एखाद्या देव्हाऱ्यातल्या जुन्या रुपयात अमेरिकेची चांदी असणे सहज शक्य आहे. त्या रुपयाची पूजा करताना कोणाला कधी प्रमाणपत्र लागले नाही.

यावर नाणेसंग्राहक म्हणेल की वेष्टनाला कमी लेखू नका. त्याचे म्हणणे वजनदार आहे. अमेरिकी सरकारने १९७२ ते १९८० या काळात आपल्या तिजोरीत पडून राहिलेले कार्सन सिटी टांकसाळीचे चांदीचे मॉर्गन डॉलर कडक प्लास्टिकच्या पेटीत घालून विकले. आज तोच डॉलर मूळ पेटीसह असेल तर जास्त किमतीला जातो, कारण तो कुठून आला याची साक्ष पेटी देते. संग्राहकांसाठी खास पाडलेल्या प्रूफ नाण्याचा आरशासारखा पृष्ठभाग नुसत्या बोटाच्या ठशाने बिघडतो, म्हणून ते कॅप्सूलमध्ये ठेवतात. अमेरिकेची गुंतवणुकीची सिल्व्हर ईगल नाणी मात्र २०-२० च्या नळीत येतात, कारण तिथे किंमत मुख्यतः धातूची. वेष्टन चुकीचे असले तर घातही करते: पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. हे सारे जाणून जो पेटी जपतो तो इतिहासाचा पुरावा जपतो, आणि हे चांगले काम आहे. त्याने ती पेटी मुळीच उघडू नये. पण ते नाणे पूजेतही मांडू नये. पुरावा जसाच्या तसा राखायचा असतो, तर पूजाद्रव्याला पाणी, गंध, अक्षता लागायच्याच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. काचेच्या चौकटीतल्या तसबिरीला आपण हार घालतो, मानसपूजेत तर वस्तूच नसते. मग पाकिटानेच काय बिघडले? मानसपूजा करणाऱ्याला नाणे विकतच घ्यावे लागत नाही, तेव्हा तिचा आधार इथे चालत नाही. तसबिरीची काच तसबीर टिकावी म्हणून असते. पुढे चांगल्या भावाने विकता यावी म्हणून कोणी ती बसवत नाही. फरक हेतूचा आहे. यज्ञात आहुती देताना यजमान ‘न मम’ म्हणतो. तो त्यागाचा भाव पूजेतही अभिप्रेत आहे. परतीच्या भावासाठी राखलेले सील त्याच्या नेमके उलट सांगते: हे माझे आहे, आणि उद्या मी ते विकू शकतो.

नाणे पूजेनंतर तिजोरीतच जाते, मग कसला त्याग, असे कोणी म्हणेल. जाते खरे, पण पूजेचा रुपया पुढच्या दिवाळीला पुन्हा बाहेर निघतो, सासूकडून सुनेकडे येतो आणि अगदी अडचण आल्याशिवाय बाजारात जात नाही. वापरून काळा पडला तरी घरात त्याचा मान कमी होत नाही. शुद्धतेची खात्री जरूर करून घ्यावी, कारण फसवणूक होते आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. पण ती खात्री दुकानात, वजनकाट्यापाशी आणि पक्क्या बिलावर होते. देवापुढे तिचे काम नाही. यंदा खामगावहून नाणे आणाल तेव्हा बिल कपाटात ठेवा, पाकीट कात्रीने कापा आणि नाणे ताम्हनात घ्या.