खुरप्यापलीकडची बाग

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शाळेची परसबाग करायचे ठरले, की पालकांपैकी कुणीतरी हटकून विचारतो, "पोरं शाळेत शिकायला धाडलीत का खुरपायला?" प्रश्न तिरकस आहे, पण रास्तही आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, कुठल्याही तालुक्यात जा. पाचवीतल्या मुलीला कापूस वेचता येतो आणि सातवीतल्या मुलाला मोसंबीच्या आळ्यात पाणी किती सोडायचे ते कळते. ज्यांच्या हाताला माती लागलेलीच आहे, त्यांना शाळेने पुन्हा मातीत का बसवावे? भेंडी झाडाला लागते हे मुंबईच्या मुलाला दाखवले तर ते शिक्षण झाले. जालन्याच्या मुलाला त्यात नवीन काय?

आपल्याकडे या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत जोतीराव फुले अगदी आघाडीवर होते. १८८२च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहिती मागितली. ती प्रत्यक्ष शिकवता यावी म्हणून शाळेला जोडून छोटे नमुना शेत असावे, असेही सुचवले. शेतकऱ्याचे पोर शाळेत का येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते: ते गुरे राखत असते. मास्तरही शेतकरी वर्गातून यावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस धरायची त्यांना लाज वाटू नये, असा त्यांचा आग्रह होता. फुल्यांच्या नमुना शेतामागे दोन हेतू दिसतात. शेती सुधारावी हा एक, आणि शाळेने कुणब्याचे जगणे अभ्यासायच्या लायकीचे मानावे हा दुसरा. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ज्या सरकारपुढे फुल्यांनी हे गाऱ्हाणे मांडले, त्याचा हुकूम इथल्या शाळांवर चालत नव्हता. पण जिथे चालत होता, तिथेही ती सूचना बरीचशी कागदावरच राहिली.

युरोपात हा विचार दुसऱ्या वाटेने आला होता. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिथून पुढे आकाराला आलेल्या त्याच्या शिक्षणपद्धतीत बागेला मानाचे स्थान होते. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि भोवती सगळ्यांचा मिळून सामाईक वाफा, अशी त्याची मांडणी होती. आपल्या वाफ्यात काय लावायचे ते मूल ठरवणार आणि सामाईक वाफ्यात सगळ्यांशी जुळवून घेणार. पीक किती आले याला तिथे फारसे महत्त्व नव्हते.

आपल्याकडे मात्र पिकाचा आणि पैशाचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मुले शेतात राबली ती आपल्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी. शेत नसते, तर त्यांतल्या अनेकांना वसतिगृह आणि पुस्तके परवडली नसती. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. हस्तोद्योग हेच शिकण्याचे माध्यम मानायचे आणि त्यातून शाळेने जमेल तितका खर्चही काढायचा, असा गांधींचा विचार होता. या हस्तोद्योगांत सूतकताईबरोबर शेती आणि फळाभाज्यांची बागही होती. गंमत म्हणजे यातला धोका या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीने स्वतःच सांगून ठेवला होता. उत्पन्नाकडे लक्ष गेले की शिकणे मागे पडेल, अशी सूचना त्यांच्या अहवालातच आहे.

हा धोका कुठवर जातो ते मद्रास राज्यात दिसले. १९५३ मध्ये तिथले मुख्यमंत्री राजाजी यांनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ही जातीचा धंदा पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधायची युक्ती आहे, असे म्हणत लोक तिच्यावर तुटून पडले आणि १९५४ मध्ये ती गुंडाळावी लागली. जालन्यातला पालक खुरपण्याचा टोमणा मारतो, तेव्हा त्याला मद्रासचे काही ठाऊक नसते, पण त्याची भीती तीच असते. आपल्या हातातले खुरपे पोराच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठीच तर त्याने पोराला शाळेत घातलेले असते.

पुढे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली आणि वेळापत्रकात तासही आला. पण बहुतेक शाळांत त्या तासाला घोटीव कागदाची फुले झाली, शुभेच्छापत्रे झाली. खरे फूल लावायला जागा, पाणी आणि सवड लागते. कागदाच्या फुलाला यातले काहीच लागत नाही.

या साऱ्यात वेगळी वाट धरली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली आदिवासींची मुले गुरांमागे रानात असत, म्हणून कुरणशाळा निघाली: मुले जिथे गुरे चारतात तिथे शाळेनेच जायचे. मुलाला कामावरून उठवायचे नाही आणि नवे कामही लावायचे नाही. ते जिथे आहे तिथे त्याला बघायला, मोजायला, विचारायला शिकवायचे. फुल्यांनी गुरे राखणाऱ्या पोराची जी अडचण मांडली होती, तिला इतके सरळ उत्तर क्वचितच कुणी दिले असेल.

अलीकडे परसबाग पुन्हा सरकारी कागदावर आली ती पोषणाच्या मार्गाने. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले जेवण सुरू झाले आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कल्पना चांगली आहे. शेवगा आणि पालक शाळेच्या आवारातच असले, की खिचडीत हिरवे काही पडते. मुलांनी ताटे-हात धुतलेले पाणी चरातून वाफ्यात सोडले, की उन्हाळा लागेपर्यंत पालक तगतो. अडचण तिथून पुढे आहे. बागेचा फोटो वर पाठवायचा असतो, म्हणून वाफे सरळ हवेत, तण दिसता कामा नये आणि पाटी रंगवलेली हवी. बागेला पोषणाचा हिशेब आला, स्पर्धा आल्या. मुलाने त्यातून काय शोधून काढले, हे विचारणारा रकाना मात्र राहून गेला.

तो रकाना भरायचा झाला तर जालन्यात सामग्रीला तोटा नाही. शेजारी-शेजारी दोन वाफे करून एकात मूग आणि दुसऱ्यात तूर टोकून बघावी. आठवड्याभरात मुगाच्या दोन्ही डाळी, म्हणजे बीजपत्रे, देठावर बसून मातीबाहेर येतात. तुरीचा मात्र नुसता कोंब वर येतो आणि डाळ मातीतच राहते. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी राज्यभर ओळखले जाते, आणि जिल्ह्यातल्या मुलांचा निम्मा पावसाळा तुरीच्या ओळींत जातो. तरीही हा फरक त्यांतल्या किती जणांनी पाहिला असेल? खुरपताना नजर तणावर असते. मग पुढचा प्रश्न येतो: शेळीने दोन्ही रोपे बुडापासून खाल्ली तर पुन्हा कोण फुटेल? मुगाची वाढीची जागा डाळींसकट वर आलेली, ती शेळीच्या पोटात गेली. तुरीचे डोळे मातीत शाबूत असल्याने तिला फुटायची संधी राहते. हे पुस्तकातूनही सांगता येते. पण मुलांनी आधी अंदाज वहीत लिहावा, मग पाच-पाच रोपे कापून वाट पाहावी, म्हणजे अंदाज चुकण्यातली मजा त्यांना कळते.

घरच्या शेतात हे कधीच होणार नाही. तिथे कुणी मुद्दाम रोप कापले तर पाठीत रट्टा बसेल, आणि तो योग्यच असेल, कारण त्या रोपावर सोसायटीचे कर्ज आहे. २०१२-१३च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा ज्या घरांनी पाहिल्या, त्यांना चुकायला जागा नाही. शाळेच्या वाफ्याला तोटा परवडतो, हाच त्याचा मोठेपणा आहे.

बियाण्याचेही तसेच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि हे शहर बियाण्यांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. इथल्या मुलाच्या लेखी बी म्हणजे पाकीट. संकरित भेंडीचे आणि गावरान भेंडीचे बी राखून दोन्ही पुढच्या वर्षी लावले, तर संकरित भेंडीची पुढची पिढी एकसारखी निघत नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसेल. दरसाल पाकीट का घ्यावे लागते, या बापाला पडणाऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याला तिथे मिळेल.

या बागेचे वेळापत्रकही इथल्या जगण्याशी जुळते. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हाच पेरणी असते. पन्नासेक दिवसांत भेंडी तोडायला येते, मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो. दसरा-दिवाळीनंतर उचल घेतलेली घरे ऊसतोडीला निघतात आणि हंगामी वसतिगृहात न राहिलेली मुले त्यांच्याबरोबर जातात. त्यापूर्वी बी ते बी असा एक पुरा फेरा त्यांना पाहता येतो. वर्षात एवढी एकच गोष्ट त्यांच्या वाट्याला शेवटपर्यंत येऊ शकते. आणि मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत, शाळा बंद असताना शेवग्याला दोन हंडे कोण घालणार, हा प्रश्न गुरुजींनी एकट्याने सोडवायचा नाही. फ्रोबेलचा सामाईक वाफा इथे गावाकडे येतो.

तेव्हा त्या पालकाला उत्तर आहे. खुरपणे तुम्ही घरी शिकवलेच आहे आणि शाळेने ते पुन्हा शिकवू नये. शाळेच्या बागेत काय पेरायचे ते मुलांनी ठरवावे, चुकावे, का चुकले ते लिहावे. पाणी घालणे मुलींकडे आणि मोजमाप मुलांकडे, अशी वाटणीही तिथे होऊ देऊ नये. बाग चांगली की वाईट हे ठरवायला वर्षाअखेरीस मुलांच्या वह्या मागाव्यात. त्यांत प्रश्न नसतील, तर वाफे कितीही हिरवे असोत, तो पालक म्हणाला तेच खरे ठरेल.