हातातून निसटलेले मूल



मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता आमच्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन गोव्याला गेलो होतो. सुट्टी त्याची झाली, आमची नव्हे! वसई रोडला गाडीत बसल्यापासून करमळी येईपर्यंत त्याने प्रत्येक बाकाखाली डोकावून पाहिले आणि एकाची चप्पल नेऊन दुसऱ्याच्या पायाशी ठेवली.

जुन्या गोव्यातील बॉम जेजू बॅसिलिकात शिरताना आम्ही धास्तावलेले होतो. त्याला कारण होते. गेले सात-आठ महिने आम्ही तिघांनी एकत्र मिस्सा ऐकलेली नव्हती. एका रविवारी प्रवचन चालू असताना हा मधल्या वाटेने थेट वेदीकडे धावला आणि मागून शब्द आले, "मूल सांभाळता येत नसेल तर घरी ठेवावं." तेव्हापासून एकाने सकाळच्या मिस्साला जायचे, दुसऱ्याने संध्याकाळच्या. मूल घरी. बोलणाऱ्यांवर रागावण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हांला मूल नव्हते तेव्हा रडक्या बाळांच्या आयांकडे मान वळवून पाहणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यांतल्या किती जणी पुन्हा आल्या, हे आम्ही कधी पाहिले नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीकडे सर्वांचे डोळे लागले होते. आमचेही. तेवढ्यात त्याचा हात निसटला. पाच मिनिटेच गेली असतील, पण घशाला कोरड पडली. सापडला तो पुढच्या बाकावर, एका अनोळखी गोवेकर आजींच्या शेजारी. त्यांची जपमाळ याच्या हातात, आणि त्या बोटाने वेदी दाखवीत होत्या. तेथे संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती आहे आणि तिच्या खाली लहानगा बाळ येशू. आम्ही ओशाळून माफी मागू लागलो, तर आजी म्हणाल्या, "भुरगो तो, धांवतलोच."

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू हरवतो. मरिया आणि योसेफ यांची तीन दिवसांची घालमेल आपण नेहमी ऐकतो. पण त्याआधी ते एक दिवसाची वाट निश्चिंतपणे चालले होते, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. तो सोबतच्या मंडळींत असेल, असे त्यांना वाटले. शोधलेही प्रथम नातलगांत आणि ओळखीच्यांत. त्या जथ्यातल्या कोणाच्याही शेजारी आपले मूल सुखरूप असेल, अशी त्यांची खात्री असली पाहिजे. असे नसते तर पहिल्या कोसातच मागे वळले असते.

आपल्या धर्मग्रामात अशी खात्री किती आईबापांना वाटते? आम्हांला वाटत नव्हती. आणि दुसऱ्यांना ती वाटावी म्हणून आम्हीही काही केले नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही तिघे एकत्र मिस्साला आलो. डाव्या बाजूच्या दाराजवळ, तिसऱ्या बाकावर बसलो होतो. येत्या रविवारीही तेथेच असू. शेजारी जागा असते. एखादी तरुण आई बाळाला घेऊन बाहेर उभी दिसली तर तिला आत पाठवा. आणि हो, श्रद्धांगीकाराच्या वेळी एखादा छोटा बूट घरंगळत आपल्या पायाशी आला, तर तो आमचाच. मागे सरकवून द्यावा.